शेतातील ट्रॅक्टरचे अपघात व मालकाची जबाबदारी



‘मोटारचा अपघात’ हे शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे डांबरी सडक उभी राहते. आमचे मौदा गाव तर नागपूर-भंडारा या हमरस्त्यावरच वसलेले असल्यामुळे आम्हांस अपघात म्हटला की तो सडकेवरचाच, अशी जणू मनाची सवय जडलेली आहे. परंतु ज्या वाहनास सडकेची मुळी गरजच नाही, किंबहुना जे चिखलात, धुऱ्यावर, खळ्यात आणि नदीच्या पात्रात चालण्यासाठीच निर्माण झाले आहे, त्या ट्रॅक्टरविषयी मी आज बोलणार आहे. सडकेवरचा मृत्यू निदान पोलिसांच्या वहीत तरी येतो. बांधीत ट्रॅक्टरखाली सापडून मेलेल्या मनुष्याची नोंद पुष्कळदा कोठेच होत नाही, आणि नोंद नाही म्हणून त्याच्या बायकामुलांस कोणी काही देणे लागत नाही असे सारा गाव धरून चालतो. ही समजूत चुकीची आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगावच्या शिवारात जे घडले ते आपणांपैकी अनेकांस आठवत असेल. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील गुंज गावच्या मजूर स्त्रिया हळदीच्या कामासाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेतात निघाल्या होत्या. ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला आणि सात स्त्रिया बुडून मेल्या. ही घटना सडकेवरची नव्हे, शेतातली. मृतांची संख्या मोठी, म्हणून तिचा बोभाटा झाला आणि केंद्र व राज्य या दोन्ही सरकारांनी साहाय्य जाहीर केले. परंतु ज्या दिवशी एकटाच मनुष्य एकट्याच ट्रॅक्टरखाली जातो, त्या दिवशी कोणी मंत्री साहाय्य जाहीर करीत नाही. त्याच्या घरच्यांस कायद्याचाच आधार शोधावा लागतो.

ट्रॅक्टर हे यंत्र आमच्या प्रांतास नवखे नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मध्यवर्ती ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली आणि महायुद्धात वापरून उरलेले अमेरिकन सैन्याचे ट्रॅक्टर घेऊन तिने जुन्या मध्यप्रांतातील काँस गवताने गिळलेल्या जमिनी नांगरून काढल्या. त्या वेळी नागपूर ही राजधानी होती. पुढे पेंचच्या कालव्याचे पाणी आले, धानाच्या बांध्या वाढल्या, बैलजोड्या कमी झाल्या, आणि आज रोवणीच्या दिवसांत चिखलणीसाठी ट्रॅक्टर मिळविणे हेच शेतकऱ्याचे पहिले काम होऊन बसले आहे. यंत्र आले ते चांगलेच झाले. मात्र बैलाबरोबर वागण्याची रीत आपण जशी पिढ्यान् पिढ्या शिकलो, तशी या यंत्राबरोबर वागण्याची रीत शिकावयास आपणांस सवड मिळाली नाही.

ट्रॅक्टर उलटतो कसा, हे अगोदर समजून घेतले पाहिजे. कारण जबाबदारी कोणाची हा प्रश्न शेवटी तेथेच येऊन ठेपतो. तो दोन प्रकारांनी उलटतो. पहिला प्रकार कुशीवर. धुऱ्यावरून, कालव्याच्या काठावरून किंवा कठडा नसलेल्या विहिरीजवळून चाक गेले आणि काठ खचला, की ट्रॅक्टर आडवा होतो. जाणते लोक असे सांगतात की खड्डा जितका खोल असेल निदान तितके अंतर काठापासून सोडावे. विहीर वीस हात खोल असेल तर वीस हात दूरूनच वळण घ्यावे. दुसरा प्रकार मागच्या मागे उलटण्याचा, आणि तो फार घातकी. मागची चाके चिखलात रुतली म्हणजे इंजिनाचा जोर चाके फिरवू शकत नाही. तो जोर मग ट्रॅक्टरचे पुढचे तोंडच उचलू लागतो. आमच्याकडे अशा वेळी चाकांस लाकडाचा ओंडका बांधून ट्रॅक्टर बाहेर काढण्याची युक्ती करतात. ओंडका जमिनीस टेकला की चाक जागीच जखडते आणि सगळा ट्रॅक्टर धुरीभोवती गरकन फिरून चालकाच्या अंगावर येतो. यास सुमारे दीड सेकंद लागतो. त्यातील अर्धा वेळ गेल्यावर क्लच दाबूनही उपयोग नसतो. साखळी खालच्या हुकास न बांधता वर कोठेतरी बांधून ओढणे, हेही याच मरणाचे दुसरे दार आहे.

तिसरा एक धोका उलटण्याचा नव्हे, गुंतण्याचा आहे. मागच्या बाजूस जो पी.टी.ओ.चा दांडा असतो, तो साधारणपणे मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. थ्रेशर चालू असता त्या दांड्याजवळून लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा किंवा खांद्यावरचा दुपट्टा गेला, तर मनुष्याने ‘अरे’ म्हणेपर्यंत हात खांद्यातून गेलेला असतो. दांड्यावर कारखान्यातून आलेले झाकण पहिल्याच हंगामात काढून गोठ्यात टाकून देणारे शेतकरी मी पुष्कळ पाहिले आहेत. ग्रीस देताना ते आड येते, एवढेच कारण.

आता कायद्याकडे वळू. १९८८ चा मोटार वाहन कायदा ट्रॅक्टरला मोटार वाहनच मानतो. त्याची नोंदणी लागते, चालविणाऱ्यास परवाना लागतो आणि विमाही लागतो. लोकांचा घोटाळा होतो तो ‘सार्वजनिक जागा’ या शब्दांपाशी. विम्याची सक्ती कायद्याने सार्वजनिक जागेतील वापरापुरती केली आहे, आणि ज्या ठिकाणी लोकांस जाण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा, अशी व्याख्या दिली आहे. मग शेतातला अपघात विम्याबाहेर की काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९८८ सालच्या निर्णयपत्रांत प्रसिद्ध झालेल्या एका निकालात या शब्दांचा अर्थ उदारपणे लावला. जागा खाजगी मालकीची असली तरी जेथे लोक परवानगीने, मुक्तपणे वा काही निर्बंधांखाली ये-जा करतात, ती जागा विम्याच्या दृष्टीने सार्वजनिक होय, असे त्यात म्हटले आहे. तो निकाल १९३९ च्या जुन्या कायद्यावरचा. परंतु नव्या कायद्यातील व्याख्या जवळजवळ तीच आहे. म्हणून गावनकाशावरील पांदण ही तर सार्वजनिक वाटच. परंतु ज्या खळ्यावर दहा गावांचे मजूर येतात ते खळेदेखील त्यात बसू शकते. चारी बाजूंनी कुंपण घातलेल्या, मालकावाचून कोणी न जाणाऱ्या शेताविषयी मात्र विमा कंपनी वाद घालील, आणि तो वाद अगदीच पोकळ असणार नाही.

परंतु येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. विमा कंपनी सुटली म्हणून मालक सुटत नाही. दावा न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी अपघात ‘मोटार वाहनाच्या वापरातून’ झालेला असावा लागतो. तो डांबरी सडकेवरच झाला पाहिजे असे तेथे म्हटलेले नाही. कंपनी बाजूस झाली तर सारा बोजा मालकाच्या सातबाऱ्यावर येतो. फौजदारी कायद्यातही हीच गोष्ट आहे. बेदरकारपणे वाहन हाकण्याचा जो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमात आहे, तो सार्वजनिक मार्गापुरता आहे. परंतु हयगयीने मृत्यू घडविण्याचे जे १०६ वे कलम, त्यात मार्गाचा उल्लेखच नाही, आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. वावरात घडले म्हणून ते घरचे प्रकरण होत नाही.

मजुरांसाठी तर याहून जुना आधार आहे. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात ट्रॅक्टरने होणाऱ्या शेतीच्या कामावरील माणसांचा उल्लेख होता. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तत्त्व मात्र तेच आहे. कामावर असता कामामुळे अपघात झाला, एवढे सिद्ध झाले म्हणजे मालकाची चूक सिद्ध करण्याचे कारण उरत नाही. मोटार वाहन कायदा किंवा मजुरीचा कायदा, यांपैकी एकच वाट धरता येते. दोन्हींकडून घेता येत नाही.

मी गणित शिकविणारा मनुष्य असल्यामुळे आकड्यांवाचून माझे समाधान होत नाही. अडतीस वर्षांचा एक मजूर घ्या. त्याची कमाई महिना १०,००० रुपये, आणि मागे बायको, दोन मुले व म्हातारी आई अशी चार माणसे. मजुरीच्या कायद्याप्रमाणे मृत्यूच्या बाबतीत निम्मी मजुरी धरून तिला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणतात. अडतीसाव्या वर्षी तो अंक १८९.५६ आहे, ५,००० ला त्याने गुणले असता ९,४७,८०० रुपये होतात. मोटार वाहन कायद्याची रीत निराळी. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ साली घालून दिलेल्या हिशेबाप्रमाणे चाळिशीच्या आतील अशा माणसाच्या उत्पन्नात भावी वाढ म्हणून शेकडा ४० मिळवावे, म्हणजे १४,००० झाले. चार माणसे अवलंबून असल्यास त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करावा, राहिले १०,५००. वर्षाचे झाले १,२६,०००. आणि या वयाचा गुणक १५. एकूण १८,९०,००० रुपये, शिवाय अंत्यविधी वगैरेंचे निराळे. मात्र या दुसऱ्या वाटेने पूर्ण रक्कम मागावयाची तर चालकाची हयगय दाखवावी लागते, आणि मृताचीही काही चूक असेल तर तेवढा अंश कापला जातो. हयगय दाखविणे अशक्यच असेल तर १६४ व्या कलमाखाली मृत्यूस ५ लाख व जबर दुखापतीस अडीच लाख रुपये, चूक कोणाची हे न विचारता मागता येतात.

हे आकडे मी मुद्दाम फोड करून सांगितले, कारण गावात मिटविताना ज्या रकमा बोलल्या जातात त्या मला ठाऊक आहेत. मी शाळेत असताना माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील चिखलणी चालू असता ट्रॅक्टर उलटून गेले. चार प्रतिष्ठित मंडळी बसली. मालकाने तेरवीचा खर्च करावा, वर्षभराचे धान घालावे आणि हातावर काही रोख ठेवावी, असे ठरले. प्रेत त्याच संध्याकाळी उचलले. ना पंचनामा, ना शवविच्छेदन. पुढे त्या बाईस कोणीतरी सांगितले की दावा करता येतो. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. तिच्याजवळ मृत्यूचा दाखला होता; पण तिचा नवरा ट्रॅक्टरखाली मेला, हे सांगणारे एक चिटोरेही नव्हते. मालक मनुष्य दुष्ट नव्हता. त्याचा विमाही चालू होता, आणि हीच त्यातली खेदाची गोष्ट. कंपनीने जे द्यावयाचे ते कंपनीस कोणी मागितलेच नाही. मुलगा पुढच्या वर्षी शाळेत आला नाही.

तडजोड वाईट असे माझे म्हणणे नाही. ती न्यायाधिकरणापुढे किंवा लोकअदालतीत लेखी झाली तर तिच्याइतके शहाणपण दुसरे नाही. आपले दावे नागपूरच्या न्यायाधिकरणापुढे चालतात. मौद्याहून ते काही दूरदेशी नाही.

आता ट्रॅक्टर-मालकांस दोन शब्द. ट्रॅक्टरवर आसन एकच असते, आणि ते चालकाचे. मडगार्डवर जो पाहुणा, मजूर किंवा आपलाच पोर बसतो, त्याची जोखीम विमा कंपनीने घेतलेली नसते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. कंपनी जबाबदार नाही असेच न्यायालयाने धरले, फक्त जखमीची दया येऊन ‘आधी तुम्ही भरा आणि मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश दिला. ट्रॉलीत बसविलेल्या मजुरांविषयीही न्यायालयांचा कल असाच आहे. मिरची तोडणीस, कापूस वेचणीस वीस-वीस बाया ट्रॉलीत उभ्या करून नेतात, तेव्हा प्रत्येक बाईची जोखीम आपण स्वतःच्या शेतीवर घेत आहोत, हे मालकाने जाणून असावे. बायांना दुसरे साधन नसते हे मला मान्य आहे. सकाळी सहा वाजता पांदणीत एस.टी. येत नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ उपदेशाने सुटणारा नाही. परंतु निदान ट्रॉलीस फळ्या लावाव्यात, बायांना खाली बसवावे आणि विहिरीपासून लांबच्या वाटेने न्यावे, एवढे तर मालकाच्या हातचे आहे.

दुसरी गोष्ट वापराची. विम्याच्या कागदावर ‘शेतीच्या कामासाठी’ असे लिहिलेले असते. तोच ट्रॅक्टर कन्हानच्या पात्रातून रेती वाहू लागला, किंवा वीटभट्टीची माती ओढू लागला, म्हणजे ते शब्द मालकावरच उलटतात. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविलेल्या एका प्रकरणात वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॉलीवरून एक मजूर पडून चाकाखाली सापडला होता. हे शेतीचे काम नव्हे, म्हणून कंपनीची जबाबदारी नाही, असे न्यायालय म्हणाले. आणि तेथेही मजुरास पैसे कंपनीने देऊन ते मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग काढला. ट्रॉलीची नोंदणी व विमा निराळे असतात, हेही पुष्कळांस ठाऊक नसते.

विम्याचा हप्ता बहुतेक मालक बँकेचे कर्ज फिटेपर्यंतच भरतात. कर्ज सुटले की विमाही सोडतात. वस्तुतः कर्ज असताना ट्रॅक्टर बँकेचा असतो म्हणून बँक काळजी घेते. कर्ज फिटल्यावर तो आपला झाला, तर काळजी आपण घ्यावयास नको काय? मालक स्वतःच चालवीत असता मेला, तर तो त्रयस्थ नव्हे, म्हणून त्रयस्थाचा विमा त्याच्या घरच्यांच्या उपयोगी पडत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा निराळा असतो. तो घेतला आहे की नाही, हे कागद उघडून पाहावे. परवान्याची फारशी अडचण नाही. हलक्या मोटार वाहनाचा परवाना साध्या शेती-ट्रॅक्टरला चालतो. ट्रॉली जोडली म्हणून तो रद्द ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच सांगून ठेवले आहे. अडचण आहे ती नववी-दहावीच्या पोरांची. बापास अभिमान वाटतो की पोरगा ट्रॅक्टर फिरवितो. अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली आहे, हे त्या बापाने एकदा मोठ्याने वाचावे.

परदेशांत काय केले, हेही थोडक्यात सांगतो. स्वीडन देशाने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या डोक्याभोवती पोलादी चौकट सक्तीची केली. ट्रॅक्टर उलटला तरी त्या चौकटीच्या आत चालकापुरती जागा उरते. पुढील तीस वर्षांत तेथे उलटून मरणाऱ्यांची संख्या जवळजवळ नाहीशी झाली. माणसे काही बदलली नव्हती, यंत्र बदलले होते. अमेरिकेत शेतात व डोंगरात हिंडणारी तीनचाकी मोटार फार लोकप्रिय झाली होती. तीत मुले इतकी मरू लागली की सरकार न्यायालयात गेले आणि १९८८ च्या समझोत्याने कारखानदारांनी तिची विक्री थांबविली. जबाबदारी केवळ चालविणाऱ्याची नसते, बनविणाऱ्याचीही असते, हे तत्त्व आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही आले आहे. ब्रेक, हूक किंवा सुकाणू सदोष निघाले तर कारखानदाराकडूनही भरपाई मागता येते. आमच्या शिवारातील बहुतेक ट्रॅक्टरांवर चौकट नाही. असते ती उन्हासाठी बसविलेली पत्र्याची छपरी. ती उलटल्यावर काडीइतकीही टिकत नाही.

अपघात घडलाच तर काय करावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो. प्रथम इंजिन बंद करावे. दबलेल्या मनुष्यास हिसका देऊन ओढू नये. जॅक, लाकडे किंवा दुसरा ट्रॅक्टर यांच्या साहाय्याने वजन उचलावे. मांड्या पुष्कळ वेळ दबून राहिल्या असतील तर वजन उठताच चिरडलेल्या मांसातील विष रक्तात जाऊन मूत्रपिंडे बंद पडण्याचे भय असते. म्हणून मनुष्य बोलता-चालता दिसला तरी त्यास घरी नेऊ नये. १०८ क्रमांकास कळवावे आणि किती वेळ दबला होता ते डॉक्टरांस अवश्य सांगावे. जखमीस पोहोचविणाऱ्याला पोलिसांनी अडकवून ठेवू नये, असे कायद्याच्या १३४-अ या कलमाने ठरविले आहे, तेव्हा त्या भीतीने कोणी मागे सरू नये.

नंतर ट्रॅक्टर हलविण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात खबर द्यावी. मृत्यू झाला असेल तर पंचनामा व शवविच्छेदन झाल्यावाचून प्रेत उचलू नये. घरच्यांस ते क्रूर वाटते, परंतु पुढचा सारा दावा त्या दोन कागदांवर उभा असतो. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, तिच्याविषयीचे वाद वकिलांनी घालावेत, आपण तीच खरी धरून चालावे. मृत मनुष्य शेतकरी किंवा शेतकऱ्याच्या कुटुंबातला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली मृत्यूस २ लाख रुपये मिळतात, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. त्यासाठी सातबारा, वारसाची नोंद, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा आणि तोच पंचनामा जोडून तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा लागतो. दुःखाच्या घरी तीस दिवस फार लवकर जातात. म्हणून तेरवीस जमलेल्या आप्तांपैकी लिहिता-वाचता येणाऱ्या एकाने हे कागद त्याच बैठकीत गोळा करावेत.